उंचीवरची डोकेदुखी अंगावर काढू नका

हिमालयातल्या ट्रेकबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे.

प्रश्न : वय २८. दर रविवारी सिंहगड करतो, हाफ मॅरेथॉन पळतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पला मला विरळ हवेचा त्रास कमीच होईल ना?

तसं गृहीत धरू नका. तुमचा दम चढणीला उपयोगी पडेल, पण उंची कोणाला बाधेल हे दमावर ठरत नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. हा ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाला विमानातून पाय खाली टेकवता तेव्हाच तुम्ही २८०० मीटरच्या वर असता, आणि ५३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. हवेत ऑक्सिजन तेवढाच, २१ टक्के. पण दाब कमी असल्यामुळे दर श्वासाला रक्तात कमी पोचतो. याची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात आणि कितीही तालीम केली तरी ते वाचत नाहीत. उलट धट्टीकट्टी मंडळीच दोन दिवसांची चाल एका दिवसात उरकतात आणि आडवी होतात.

पैसे भरण्याआधी आयोजकांकडून प्रत्येक मुक्कामाची उंची मागून घ्या. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त चढू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा वर फिरून खाली झोपायला आलात तर उत्तमच. नामचे बाजार (३४४०) आणि डिंगबोचे (४४१०) इथे दोन-दोन रात्री थांबतात ते याचसाठी. सुट्टी कमी म्हणून कोणी हे दिवस कापून देत असेल, तर कमी उंचीचा दुसरा ट्रेक निवडा.

प्रश्न : कापराची पुरचुंडी हुंगल्याने फायदा होतो का? आणि लसणाचं सूप?

कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. सूप गरम आणि चवदार असतं. भूक म्हणून प्या, औषध म्हणून नको. ऑक्सिजनचे छोटे डबे तर काही मिनिटांत संपतात. पुरचुंडी खिशात ठेवायला माझी ना नाही. तिच्या भरवशावर डोकं दुखत असताना वर चढायला आहे. (आणि कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेला तर झटके येतात.)

प्रश्न : उंचीचा त्रास टाळायला घेतात त्या डायमॉक्सच्या गोळीने लक्षणं झाकली जातात असं ऐकलं. खरं का?

नाही. या गोळीमुळे श्वास वाढतो आणि शरीर लवकर जुळवून घेतं. त्रास टाळण्यासाठी मोठ्यांना सहसा १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ देतात, चढण सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. झाकाझाक करते ती डेक्सामेथासोन. ते आणीबाणीतलं औषध आहे. शिखरासाठी म्हणून कोणी हातावर ठेवलं तर घेऊ नका.

प्रश्न : हिमाचलात ४००० मीटरच्या कॅम्पवर मैत्रिणीला रात्रभर डोकेदुखी आणि उलट्या. लीडर म्हणाला, "चलते चलते ठीक हो जाएगा." सकाळी ती भेलकांडत होती. आम्ही दोघींनी तिला खाली आणलं, ट्रेक आणि पैसे दोन्ही गेले. घाई केली का?

घाई नाही, बहुधा तिचा जीव वाचवलात. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा गळाठा हा उंचीचा आजार. तेव्हाच तिथे थांबून आराम करायचा, लक्षणं जाईपर्यंत एक पाऊल वर नाही. तोल जाऊ लागला की मेंदूला सूज आली असं समजायचं. शंका असेल तर जमिनीवर रेघ ओढून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत चालायला सांगा; जमलं नाही तर ताबडतोब खाली. असंबद्ध बोलणं, तंबूत गप्प पडून राहणं, जेवण नाकारणं याला "थकलीय, झोपू दे" म्हणणं सर्वांत धोक्याचं. दुसरा प्रकार फुप्फुसात पाणी होण्याचा. तो बऱ्याचदा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्री गाठतो : बसल्या जागी धाप, खोकला, निळसर ओठ. दोन्हींत उपाय तोच, निदान ३०० ते १००० मीटर खाली. रात्र असली तरी, आणि माणसाला एकटं न पाठवता.

लोक त्रास लपवतात तो भीतीने नव्हे, ग्रुपचा खोळंबा नको म्हणून. २५०० मीटरच्या वर दुखणारं डोकं उंचीमुळेच दुखतंय असं धरून चाला. ऊन लागलं, चहा चुकला ही कारणं मागाहून.

प्रश्न : आई-बाबा (६४ आणि ६७) मुंबईहून विमानाने लेहला जाणार आहेत. दोघांना रक्तदाब, बाबांना मधुमेह.

दोन्ही आटोक्यात असतील आणि जिने चढताना छातीत दुखत किंवा फार धाप लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवून जाऊ द्या. मात्र लेह ३५०० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस खोलीत आणि अंगणात, मठ-बाजार नंतर. गोळ्या बंद करायच्या नाहीत. इन्सुलिन गोठू नये म्हणून आतल्या खिशात ठेवा; थंडीत ग्लुकोमीटरही चुकतो. 'खारदुंग ला' ही खिंड ओलांडून आधी नुब्रा खोरं करा, तिथला मुक्काम लेहपेक्षा खालीच असतो. पँगाँग ४२०० मीटरच्या वर, ते शेवटी. रस्त्याने जाणार असतील तर श्रीनगर-कारगिल मार्ग बरा. मनालीकडून सरचूला ४२०० मीटरच्या वर पहिली-दुसरीच रात्र येते.

प्रश्न : वर झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटून जाग येते. घाबरायचं का?

बाकी लक्षणं नसतील तर नाही. श्वासाची लय तशी होते. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र टाळा.

प्रश्न : बर्फावर साधा गॉगल चालेल?

अतिनील किरण पूर्ण अडवणारा आणि बाजूंनी झाकलेला हवा. ढग असले तरी काढू नका. एक जादाचा न्या, पोर्टरकडे बहुतेकदा नसतो.