फ्रेस्को म्हणजे भित्तिचित्रच का?

प्रश्न असा आला आहे: ‘युरोपीय चित्रकलेवरचा मजकूर मराठीत आणतेय. फ्रेस्कोला सरळ भित्तिचित्र म्हटलं तर चालेल ना? अजिंठ्याच्या चित्रांनाही फ्रेस्कोच म्हणतात की.’

म्हणतात खरं, पण गोंधळ तिथूनच सुरू होतो. भित्तिचित्र हा शब्द चित्र कुठे आहे ते सांगतो, फ्रेस्को ते कसं काढलं ते सांगतो. शेण-मातीनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं काढलेलं वारली चित्रही भित्तिचित्रच. त्याला कुणी फ्रेस्को म्हणणार नाही.

इटालियन भाषेत फ्रेस्को म्हणजे ताजं. इंग्रजीतलं ‘फ्रेश’ त्याच कुळातलं. इथे ताजा असतो तो चुन्याचा गिलावा. त्याची शेवटची पातळ परत ओली असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. सरस नाही, डिंक नाही, अंड्याचा बलक नाही. गिलावा वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचा पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो आणि रंगाचे कण त्यात अडकून बसतात. म्हणजे रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच होतो.

म्हणून चित्रकार एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावून घेई. त्या तुकड्याला ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे दिवसभराचं काम. आपल्या गवंड्याला हा हिशेब लगेच कळेल. भिंतीवर तिरपा उजेड पाडला की हे सांधे आजही दिसतात. मायकेलअँजेलोनं सिस्टीन चॅपेलचं छत १५०८ ते १५१२ या काळात असंच तुकड्या-तुकड्यानं रंगवलं.

वाळलेल्या गिलाव्यावर रंगवलं तर ते ‘सेक्को’, म्हणजे कोरडं. इटलीतल्या पादुआ शहरातल्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये जोत्तो या चित्रकाराची चित्रं फ्रेस्कोच आहेत, पण त्यातला अझुराइट या खनिजाचा निळा ओल्या चुन्यात नीट टिकत नाही म्हणून त्यानं तो नंतर कोरड्यावर लावला. आज मेरीच्या वस्त्रांवरून नेमका तोच निळा जागोजागी गळून गेलेला दिसतो. आणि लिओनार्दोचं मिलानमधलं ‘लास्ट सपर’? ते तर फ्रेस्को नव्हेच. त्याला सावकाश, पुन्हापुन्हा हात फिरवत काम करायचं होतं, म्हणून त्यानं कोरड्या भिंतीवर रंगवलं. त्याच्या हयातीतच रंग सुटू लागला.

आता अजिंठा. तिथे कातळावर चिकणमाती, तूस, गवताचे तंतू असा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर सरस घातलेले रंग. म्हणजे ही कोरड्यावरची चित्रं. त्यांना फ्रेस्को म्हणायची सवय इंग्रजी पुस्तकांतून आली आणि आपण ती तशीच उचलली.

ओल्या चुन्याची कला आपल्याकडे हवीच असेल तर कोकण-गोव्यातली कावी घ्या. पांढऱ्या गिलाव्यावर काव, म्हणजे लाल माती, मिसळलेला थर द्यायचा आणि ओल आहे तोवर तो खरवडून खालची पांढरी नक्षी उघडी करायची. पण हीसुद्धा फ्रेस्को नव्हे. हिचं इटालियन भावंड ‘स्ग्राफितो’, आणि ‘ग्राफिती’ हा शब्द त्याच घरातला.

मग मराठीत काय लिहायचं? ‘आर्द्रभित्तिचित्रण’ वगैरे घडवता येईल, पण तो शब्द वाचणारा अडखळेल आणि मूळ शब्दातला ताजेपणाही जाईल. फ्रेस्को हाच शब्द ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेलं भित्तिचित्र’ एवढं लिहा, पुढे नुसतं फ्रेस्को. अजिंठ्यासाठी भित्तिचित्रं पुरे. आणि हो, त्यातला ‘त्ति’ ऱ्हस्वच. एकटा शब्द भित्ती असा दीर्घ लिहितात, समासात मात्र तो ऱ्हस्व राहतो. तुमच्या मजकुरात तीन ठिकाणी दीर्घ पडला आहे, तेवढा बघून घ्या.