5 रुपयांच्या नाण्याचा शिक्का फिरलाय, किती पैसे येतील?

तुमच्या 5 रुपयांच्या नाण्याची मागची बाजू तिरकी आहे आणि यूट्यूबवाला त्याचे 2 लाख सांगतोय. ते 2 लाख आधी डोक्यातून काढा. विकून देतो म्हणून कुणी आधी फी मागितली तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं हे धंदे चालतात, तिनं स्वतः 2021 मध्ये सावध केलं होतं.

मी एसटीत कंडक्टर होतो, सांगली–जत. रात्री हिशेब जुळवताना अकरा कोनांचं जुनं 2 रुपयांचं नाणं हाताला लागलं. एका बाजूला भारताचा नकाशा, आणि पालथं केलं तर सिंह नाहीच! तिथंही नकाशाच, पण आत खोल गेलेला आणि उलटा. गुजरात उजवीकडे, आसाम डावीकडे. खिशातले 2 रुपये पिशवीत टाकले आणि ते घरी आणलं.

आमचे साडू विट्याचे, गलाईवाले. आयुष्य सोनं-चांदी गाळण्यात गेलेलं, त्यामुळे धातूतलं सगळं त्यांनाच कळतं. बघितलं न बघितलं आणि म्हणाले, "पाहुणं, कुणीतरी दोन नाणी वाईसमध्ये घालून दाबल्यात." वाईस म्हणजे वस्तू आवळून धरायचा लोखंडी शिकंजा. वर काळं पडलंय म्हणून मला न विचारता तेजाबात बुडवलं. चमक गेली, अंग खरखरीत झालं.

दाबलेलं असतं तर वाईसचा जबडा लागलेली बाजू सपाट झाली असती, नाणं पसरलं असतं. माझ्या नाण्याचा सरळ नकाशा ठसठशीत, कडा शाबूत. टांकसाळीत आधीचं नाणं साच्यात अडकून राहतं, पुढची चकती त्याच्यावरच ठोकली जाते, म्हणून असा उलटा ठसा उठतो. नाणेवाले याला लखी म्हणतात. पुढं पुण्यात एका प्रदर्शनातल्या व्यापाऱ्यानं भिंग लावून तेच सांगितलं. म्हणाला, "लखी आहे, पण धुवून मारलीत." 300 देत होता. धुतलं नसतं तर दुप्पट. हे साडूंना सांगितलं तर म्हणतात व्यापाऱ्याला काय कळतंय.

तर तुमचं नाणं. सिंहाची बाजू सरळ समोर ठेवून वरच्या-खालच्या कडेला बोटं लावून ते उभं धरा आणि दाराच्या पानासारखं फिरवा. आपल्या नाण्यांची मागची बाजू अशी फिरवल्यावर सरळ दिसली पाहिजे. थोडी कलली असेल तर व्यापारी मान हलवतो आणि परत देतो. आडवी किंवा पार उलटी असेल तरच तो बसायला सांगतो. सालाखाली टांकसाळीची खूण नाही म्हणून हुरळून जाऊ नका, ते कोलकात्याचं असतं. हिरा मुंबईचा, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. 10 रुपयांच्या नाण्याचा मधला भाग सरकलेला दिसला तर तो कुणी घरी ठोकून बसवलाय का तेही बघा.

धुवू नका. पितांबरी नको, चिंच नको. धातूतलं कळतं म्हणणाऱ्या नातेवाईकाच्या हातात तर मुळीच देऊ नका.

आता हेही खरं, की मी व्यापारी नाही, एकच नाणं दाखवलंय आणि एकाच माणसाचा भाव ऐकलाय. तुम्ही दोघा-तिघांना दाखवा.

माझं मी विकलं नाही. दिवाळीला साडू येतात तेव्हा टीव्हीशेजारी काढून ठेवतो, खोल नकाशा वर करून.