प्रयोग पुस्तकासारखा आला नाही तर?

नव्याने रुजू झालेले विज्ञान शिक्षक आणि बी.एड.चे विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा धास्ती बहुधा एकच असते. मुलांना स्वतः प्रयोग करू दिला, प्रश्न विचारू दिले आणि मलाच उत्तर आलं नाही तर? वर्गात माझी पत राहील का?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी उच्च प्राथमिक शाळेतल्या बाई अशाच आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रसायनशास्त्रात एम.एस्सी., बी.एड.ला उत्तम गुण. तरी सातवीच्या विज्ञानाच्या तासाआधी रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसे. वर्गात त्या धडा वाचून दाखवायच्या, व्याख्या फळ्यावर लिहायच्या आणि कुणी हात वर केला की "नंतर" म्हणायच्या. सीआरपी (आसपासच्या शाळांना मार्गदर्शन करणारे समूह संपर्क अधिकारी) भेटीला आले आणि कृती का घेत नाही म्हणून विचारून गेले, तेव्हापासून धडधड आणखी वाढलेली.

मी विचारलं, "उत्तर आधी माहीत नसलेला प्रयोग तुम्ही शेवटचा कधी केलात?"

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "सर, कधीच नाही."

शाळेत प्रयोग सरांनी टेबलावर दाखवला. कॉलेजात टायट्रेशनचं रीडिंग किती यायला हवं ते सीनियरच्या जर्नलमधून आधीच कळायचं. नाही आलं तर जुळवून घ्यायचं. बी.एड.च्या पाठ टाचणात तर 'विद्यार्थी निरीक्षण करतील' याच्या शेजारच्या रकान्यात त्यांना काय दिसेल तेही लिहिलेलं. न जुळलेलं रीडिंग म्हणजे कापलेले गुण, हेच ज्यांच्या अंगी मुरवलं, त्यांनी शाळेत पाऊल टाकताच मुलांच्या प्रश्नांना हसतमुखाने सामोरं जावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. बाई भित्र्या नव्हत्या. त्यांना तसं वळणच लावलं गेलं होतं.

मी त्यांना होशंगाबादबद्दल सांगितलं. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि 2002 पर्यंत चालला. तिथे प्रशिक्षणात शिक्षक स्वतः मुलांसारखे टोळ्या करून बसायचे, तेच प्रयोग करायचे, चुकायचे, वाद घालायचे. वर्गात जाण्याआधी अडखळून घ्यायची सोय होती. आपल्याकडच्या नव्या शिक्षकाला तीच मिळत नाही. म्हणून आम्ही ती माझ्या खोलीतच केली.

धडा मातीचा होता. तळ कापून फडकं बांधलेल्या दोन बाटल्या. एकीत शाळेच्या आवारातली लाल माती, दुसरीत अथणीकडच्या एका सहकाऱ्याने गावाहून आणलेली वाळलेली काळी. पाणी कुठे लवकर मुरेल? "लाल मातीत," बाई ठामपणे म्हणाल्या. पाणी ओतलं, तर काळ्या ढेकळांमधून ते सरळ खाली. बाईंचा हात थांबला, चेहरा उतरला. "चुकलं सर. ढेकळं फोडायला हवी होती. दुसरी माती घेते."

"माती तीच राहू दे," मी म्हटलं. "थोडं थांबून ह्याच बाटलीत पुन्हा ओता."

चहा झाला, अर्धा तास गेला. ह्या वेळी पाणी वरच तुंबलं. बाई वाकून बाटलीला डोळे लावून बसल्या. "भेगा मिटल्या की! फुगलीय ती!" आणि मग परीक्षेपुरतं पाठ केलेलं सगळं त्यांच्या तोंडून भराभर आलं. काळ्या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट ही बारीक कणांची चिकणमाती आपल्या थरांमध्ये पाणी घेऊन फुगते. लाल मातीतली केओलिनाइट ही चिकणमाती फारशी फुगत नाही, शिवाय लोहाच्या ऑक्साइडमुळे कण एकत्र धरून राहतात आणि मधल्या फटी मोकळ्या राहतात. मला समजावून सांगताना त्यांना धडधडीची आठवणही नव्हती.

वर्गात त्यांनी तोच प्रयोग घेतला. एका मुलाने विचारलं, "बाई, मग भेगा पडलेल्या रानात पहिला वळीव किती खोल जातो?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. कसं बघता येईल?" पोरगा म्हणाला, "माझा मामा अथणीला आहे की. वळीव झाला की खणून ओल बघ म्हणून सांगतो." प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. पत कुठे गेली नाही. उलट पुढच्या तासाला हात जास्त वर आले, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

नुसतं "माहीत नाही" म्हणून थांबलात तर मुलं हिरमुसतात. त्याला जोडून "कसं बघू या?" हवंच. प्रशिक्षणं बहुतेक कन्नडमधून होतात आणि मराठी शाळांतले नवे शिक्षक तिथे शंका विचारायला कचरतात. म्हणून तालुक्यातल्या दोघा-तिघांनी जमून येणारा प्रयोग आधी स्वतः करावा, मराठीतून मनसोक्त वाद घालावा. पोर्शनची भीती मात्र खरी आहे, ती मी खोडून काढत नाही. सगळे धडे असे घ्यायला वेळ पुरणार नाही. महिन्यातून एक धडा निवडा, ज्याचं सामान गावातच मिळतं असा, आणि त्याला दोन तास जास्त द्या. बाकीचे नेहमीसारखे घ्या. आणि एवढं करूनही झोप उडालेलीच राहिली, छाती धडधडत राहिली, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जायला संकोच करू नका.