रविवारी जिंकायलाच हवं: बचावात चार ठेवावेत की तीन?

तुमचा फुटबॉल संघ सलग हरतोय, रविवारी जिंकावंच लागेल, आणि मित्र म्हणतात की बचावात चारांऐवजी तीनच ठेवा. नाही, रविवारसाठी चारांचे तीन बचावपटू करू नका. चारच ठेवा, पण ती रांग आठ-दहा पावलं मागे घ्या आणि मधल्या फळीतला एक शांत डोक्याचा खेळाडू त्यांच्या पुढ्यात उभा करा. तुम्ही लिहिलंय की सलग पराभवांत बहुतेक गोल बचावाच्या डोक्यावरून टाकलेल्या लांब पासवर बसले. म्हणजे माणसं कमी पडत नाहीत, पाठीमागे जागा मोकळी सुटतेय. तिघांच्या रचनेत कडांवरचे दोघं वर गेले की ती जागा आणखी वाढते. मी बडोद्यात पोलो ग्राउंडवर मुलांना शिकवतो. इथल्या उन्हात उत्तरार्धात सगळ्यात आधी हेच दोघं दमतात, आणि मग परत धावत यायला कोणी उरत नाही. तुमचे मित्र चेल्सी या इंग्लिश क्लबचा दाखला देतात तो खरा आहे: सप्टेंबर २०१६ मध्ये आर्सेनलकडून ३-० हरल्यावर त्यांचे प्रशिक्षक अँटोनियो कॉन्टेंनी ३-४-३ (तीन बचावात, चार मध्ये, तीन पुढे) ही रचना आणली, इंग्लंडच्या लीगमध्ये सलग १३ सामने जिंकले आणि विजेतेपदही मिळवलं. पण त्या मोसमात चेल्सी युरोपच्या स्पर्धांत नव्हती, सरावाला वेळ होता. तुमच्या हातात तीन संध्याकाळी आहेत, त्या रांगेनं एकत्र पुढे-मागे सरकण्यातच घालवा. एक अपवाद: बरोबरी तुम्हाला पुरणार नाही, म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांत गोल हवाच असेल तर बाजूचा एक बचावपटू काढून फॉरवर्ड उतरवा.