वाचकांचे प्रश्न : मुलीबरोबर वाचावी अशी एक कादंबरी

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. अमेरिकेतील वर्णभेदाविषयी तिला वाचायचे आहे. मात्र अत्याचारांची नुसती जंत्री नको, घर-कुटुंबही त्यात असावे. कोणती जुनी कादंबरी सुचवाल?

उत्तर : हार्पर ली यांची १९६० साली प्रकाशित झालेली आणि पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालेली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ निःसंकोच द्यावी. १९३०च्या दशकातील अलाबामामध्ये, बलात्काराचा खोटा आळ आलेल्या टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुराचे वकीलपत्र अ‍ॅटिकस फिंच घेतात, आणि गावाचा रोष घरापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यांची लहानगी स्काउट सांगते. टॉमला ठार मारायला आलेल्या जमावासमोर अ‍ॅटिकस तुरुंगाच्या दारात खुर्ची टाकून, घरून आणलेल्या दिव्याखाली वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. तेवढ्यात स्काउट मध्ये घुसते, जमावातील एकाला ओळखते आणि शाळासोबती असलेल्या त्याच्या मुलाची चौकशी करू लागते, तेव्हा तो माणूस ओशाळून सगळ्यांना परत नेतो. हा प्रसंग तिच्याबरोबर मोठ्याने वाचावा.

एक उणीव मात्र जाणवते : सारे गोऱ्या घराच्या ओसरीवरून दिसते, टॉमच्या घरातले फारसे कळत नाही. त्यासाठी मिसिसिपीतील कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबावरची मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ (१९७६) जोडीने वाचावी. दोन्हींत वंशवाचक शिव्या येतात, तेवढी कल्पना तिला आधी द्यावी.