एकसष्टावा दिवस, संचित रजा आणि तडीपारी : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळी प्रश्नांचा ढीग आलाय, त्यातले चार घेतोय. नावं-गावं मुद्दाम काढून टाकलीत.

प्रश्न : बायकोने 498अ (सासरच्या छळाची केस) टाकलंय, म्हणजे आता नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम 85. पोलिसांनी मला आणि आईवडिलांना व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवलीय. मित्र म्हणतो अशी नोटीस चालत नाही, जाऊच नको. काय करू?

मित्राचं अर्धंच खरंय, आणि अशा अर्ध्या माहितीवर चालणारे लोकच नंतर माझ्याकडे रात्री अकराला फोन करतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेली बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 35(3) ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहा अशी नोटीस ग्राह्य नाही हे सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये स्पष्ट सांगितलंय. पण म्हणून घरी बसू नका. वकिलाला घेऊन स्टेशनला जा, कागदावर नोटीस मागा, आणि आम्ही येऊन गेलो असा दोन ओळींचा अर्ज देऊन त्याच्या झेरॉक्सवर शिक्क्यासह पोच घ्या. 7 वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही हा 2014 चा अर्नेश कुमार निकाल मुळात 498अ च्याच केसमधला आहे. तुम्ही बोलावल्यावर येत असाल तर अटक का हवी हे आयओला (तपास अधिकाऱ्याला) लिहून ठेवावं लागतं. आणि तरी अटक झालीच तर त्याची कारणं तुम्हाला समजेल त्या भाषेत लेखी मिळाली पाहिजेत, अगदी उशीर झाला तरी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायच्या किमान 2 तास आधी. हा निकाल नोव्हेंबर 2025 चा, आपल्या वरळीच्या बीएमडब्ल्यू केसमधला.

प्रश्न : भावाला फसवणुकीच्या केसमध्ये अटक झाली, 3 मार्चला कोर्टात नेलं, आता एमसीआरमध्ये (न्यायालयीन कोठडीत) आहे. एकदा जामीन फेटाळलाय. वकील म्हणतात चार्जशीट येऊ द्या मग बघू. थांबायचं का?

ताई, वकिलांना दुखवायचं नाहीये, पण थांबण्याआधी घरातलं कॅलेंडर काढा. फसवणूक म्हणजे जुनं चारशेवीस, आता न्याय संहितेचं 318(4), शिक्षा जास्तीत जास्त 7 वर्षं, म्हणजे पोलिसांना चार्जशीटसाठी 60 दिवस. (फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षं आणि वर असेल तर 90, आणि मकोका लागला असेल तर सरकारी वकिलाच्या रिपोर्टवर 180 पर्यंत जातं.) हे दिवस अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून मोजायचे आणि रिमांडचा दिवस पण धरायचा. म्हणजे मार्चचे 29, एप्रिलचे 30, झाले 59, साठावा आला 1 मे ला, महाराष्ट्र दिनाला. सुट्टी आहे म्हणून पोलिसांना एक दिवस वाढवून मिळत नाही, 2020 मध्ये लॉकडाऊनचं कारणसुद्धा सुप्रीम कोर्टाने चालवून घेतलं नव्हतं. 2 मे ला सकाळी कोर्ट उघडताच डिफॉल्ट जामिनाचा (मुदतीत चार्जशीट आलं नाही म्हणून मिळणाऱ्या जामिनाचा) अर्ज फाईल व्हायला हवा. आधीचा जामीन फेटाळलाय, केस भक्कम आहे, असलं काही इथे बघतच नाहीत, चार्जशीट आलं की नाही एवढाच प्रश्न.

पण अर्ज चार्जशीटच्या आधी पडला पाहिजे. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एकसष्टाव्या दिवशी निवांत जेवून दुपारी तीनला पोचलो तर साडेअकरालाच चार्जशीट दाखल झालेलं, तो पोरगा पुढे चार महिने आत राहिला, अजून तोंडाला कडू चव येते. उलट अर्ज आधी पडला आणि तासाभराने चार्जशीट आलं तर हक्क जात नाही, हे 2001 च्या महाराष्ट्रातल्याच उदय आचार्य केसमध्ये ठरलंय. फक्त जामीनदार तयार ठेवा, सातबारा नाहीतर ऐपतीचा दाखला आत्ताच काढायला टाका, कारण ऑर्डर होते आणि माणूस जामीनदाराअभावी आतच बसतो हे दर आठवड्याला बघतो.

प्रश्न : वडील जन्मठेपेत आहेत, कोल्हापूरचं कळंबा जेल. फर्लोचा अर्ज "गावात शांतता भंग होईल" म्हणून फेटाळला. पॅरोल मागायचा का?

दोन्ही वेगळे आहेत हो. फर्लो म्हणजे संचित रजा, ती मागायला कारण लागत नाही, अमुक काळ शिक्षा भोगली, वागणूक ठीक, की पात्र, आणि ते दिवस शिक्षेत धरतात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, त्याला आजारपण, मयत वगैरे कारण हवं आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. दोन्ही 1959 च्या नियमांवर चालतं. संचित रजा हा पूर्ण हक्क नाही हे खरंय, पण पोलीस पाटलाचं आणि ठाण्याचं ठोकळेबाज वाक्य हे कारण होत नाही, हायकोर्टाने अशा ऑर्डरी कितीतरी वेळा रद्द केल्यात. फेटाळल्याच्या ऑर्डरची कॉपी घ्या आणि हायकोर्टात क्रिमिनल रिट याचिका टाका. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाच हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, मुंबईच्या खेपा वाचल्या. पैशाचं टेन्शन असेल तर जेलमधल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर 15100.

प्रश्न : प्रांतांकडून तडीपारीची नोटीस आलीय. दोन मारामारीच्या केसेस, दोन्ही जुन्या. माझं दुकान आहे इथे.

हा खास आपल्या राज्याचा कायदा, महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 56. तुमच्याविरुद्ध कोण बोललं ते सांगणार नाहीत, आरोपांचं साधारण स्वरूपच कळतं. लेखी उत्तरात दोन्ही केसेसच्या तारखा ठळक लिहा, जुन्या केसचा आजच्या भीतीशी संबंध काय हे त्यांना दाखवावं लागतं. कमाल मुदत 2 वर्षं, पण पूर्ण 2 का हे ऑर्डरमध्ये हवं, जालन्याच्या एका केसमध्ये 2022 ला सुप्रीम कोर्टाने अशीच ऑर्डर उडवली. विरोधात गेलं तर 30 दिवसांत शासनाकडे अपील. आणि ऑर्डर झाल्यावर "कोर्टाची तारीख होती" म्हणून तसंच शहरात शिरू नका, आधी लेखी परवानगी काढा, नाहीतर तिसरी केस तीच होईल.