रात्रीचा स्लॅब, पोलिसांचा आदेश आणि डेव्हलपरचा दंड

प्रश्न : मी पुण्यातील एका निवासी भागात पुनर्विकासाच्या इमारतीचे आरसीसी काम घेतले आहे. अवजड वाहनांवरील निर्बंधांमुळे काँक्रीटच्या गाड्या दुपारी चार तास आणि नंतर थेट रात्री नऊनंतर येऊ शकतात. त्यामुळे स्लॅब रात्री एक-दोनपर्यंत चालतो. गाड्यांसाठी वाहतूक पोलिसांची परवानगी घेतलेली आहे. शेजारच्या सोसायटीने आधी ‘नऊ ते सहा एवढेच काम करा’ असे पत्र दिले, आणि आता सहायक पोलीस आयुक्तांचा लेखी आदेश आला आहे : रात्री आठ ते सकाळी आठ काम बंद. दुसऱ्या विंगच्या पायासाठी खडकही फोडायचा आहे. डेव्हलपर म्हणतो, उशीर झाला तर बिलातून दंड कापणार. मी काय करावे?

उत्तर : रात्रीचा स्लॅब आधी डोक्यातून काढून टाका. वाहतूक पोलिसांची परवानगी गाडी रस्त्यावर आणण्यापुरती आहे, पंप आणि व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे यंत्र) चालवण्याची नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये २०१० साली नियम ५-अ घालण्यात आला. त्यानुसार निवासी क्षेत्रात आणि शांतता क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाज करणारी बांधकाम यंत्रे वापरता येत नाहीत. इथे डेसिबलचा प्रश्नच येत नाही. यंत्र चालू होते एवढे दिसले की नियमभंग झाला. मीटर आणला नाही, मोजणी चुकली, असले बचाव रात्रीच्या कामाला लागू पडत नाहीत.

‘गणपतीत बारापर्यंत स्पीकर चालतो, मग आम्हाला एखाद्या दिवसाची मुभा का नाही?’ असे ठेकेदार नेहमी विचारतात. ती सवलत ध्वनिक्षेपकांसाठी आहे, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ती राज्य सरकार देते. बांधकाम यंत्रांसाठी तशी तरतूद नाही. सार्वजनिक आणीबाणीचा अपवादही नियम ५-अ मध्ये हॉर्नसाठी लिहिला आहे, यंत्रांच्या उपनियमात नाही. ‘स्लॅब मध्येच थांबवता येत नाही’ हे तांत्रिकदृष्ट्या खरे असले, तरी त्यावर कायद्याचे उत्तर एवढेच असेल की मग वेळेत संपेल असाच सुरू करायला हवा होता.

शेजारच्या सोसायटीचे पत्र तुम्हाला बांधत नाही. तुम्ही त्यांचे सभासद नाही, त्यांच्या उपविधींचा तुमच्या साइटवर अंमल नाही. पोलिसांचा आदेश मात्र वेगळा आहे. नियम ८ खाली प्राधिकाऱ्याला त्रास रोखण्यासाठी आवश्यक ते लेखी निर्देश देता येतात आणि ते १० ते ६ च्या चौकटीपुरतेच असले पाहिजेत असे नाही. म्हणून ‘नियमात दहा आहे, यांनी आठ लिहिले, आदेश बेकायदा’ असे मनाशी ठरवून साडेआठला पंप सुरू करू नका. आदेशात फेरफार होईपर्यंत तो पाळायचा.

आदेशावर सही कोणाची आहे तेही बघा. जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा नेमून दिलेला, उपअधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेला अधिकारी असा आदेश काढू शकतो. पोलीस ठाण्याचा निरीक्षक अहवाल पाठवू शकतो. तुमच्याकडे सहायक आयुक्तांची सही आहे, म्हणजे दर्जाचा मुद्दा निघत नाही. निघाला असता तरी मी त्यावर भिस्त ठेवली नसती, कारण असा दोष दुसऱ्या दिवशी नवा कागद काढून दुरुस्त होतो.

खरा मार्ग नियम ८(२) चा आहे. आदेश रद्द करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी त्याच प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. अर्ज निकाली काढण्यापूर्वी तुम्हाला आणि मूळ तक्रारदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ‘आमचे नुकसान होत आहे’ एवढ्यावर अर्ज टिकत नाही. सोबत यंत्रांची यादी, प्रत्येक यंत्राचे रोजचे तास, पुढच्या स्लॅबच्या तारखा, जनरेटरच्या ध्वनिरोधक आवरणाचा तपशील आणि रात्री दहानंतर एकही यंत्र चालणार नाही असे हमीपत्र जोडा. मागणीही नेमकी ठेवा : यंत्रांचे काम सकाळी ८ ते रात्री ८, आणि आधी लेखी कळवलेल्या स्लॅबच्या दिवशी रात्री १० पर्यंत. सकाळी सहापासूनची मागणी कायद्यात बसते, पण सुनावणीत तीच तुम्हाला महागात पडेल.

आता दिवसाच्या ब्रेकरकडे, म्हणजे खडक फोडणाऱ्या यंत्राकडे येऊ, कारण पुढची तक्रार तिथूनच येणार. निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दिवसाच्या आवाजाबाबत तक्रार करायची तर तो मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक असावा लागतो, म्हणजे ६५. तुमचा ब्रेकर १० मीटरवर ९० डेसिबल देतो असे धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो : २० मीटरवर ८४, ४० मीटरवर ७८. शेजारची खिडकी ४० मीटरवर असेल तर ब्रेकर चालू असताना ६५ च्या खाली येणे शक्य नाही. पत्र्याचे कुंपण तळमजल्याला थोडे वाचवते. तिसऱ्या मजल्यावरून खड्डा थेट दिसत असेल तर त्या पत्र्याचा तिथे उपयोग शून्य.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. मर्यादा क्षणाच्या आवाजाची नसून कालभारित सरासरीची, म्हणजे पूर्ण कालावधीतल्या आवाजाच्या सरासरीची आहे. १६ तासांच्या दिवसात ब्रेकर दोनच तास चालला, तर त्याचा वाटा सरासरीत सुमारे ९ डेसिबलने कमी दिसतो. पण पोलीस मीटर घेऊन येतात ते काही मिनिटांसाठी, आणि पंचनाम्यात तोच आकडा जातो. त्यामुळे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पूर्ण दिवसाची मोजणी करून अहवाल जवळ ठेवा. मोबाइल ॲपवरचा आकडा ना तुमच्या कामाचा, ना त्यांच्या. ब्रेकरचे दोन तास ठरवून शेजाऱ्यांना आधी कळवा, आणि जमेल तिथे ड्रिल करून रॉक स्प्लिटर (छिद्रात दाब देऊन खडक चिरणारे यंत्र) वापरा. वेळ जास्त लागतो, पण बेसाल्टवर दिवसभर होणारी ठणठण टळते.

स्लॅबचे गणित कागदावर मांडा. ६० घनमीटर काँक्रीट, एका मिक्सरमध्ये ६ घनमीटर, म्हणजे १० गाड्या. २५ मिनिटांना एक गाडी रिकामी झाली तर चार तासांच्या थोडे पुढे. शेवटची गाडी चार तासांच्या आत पोहोचते, म्हणून दुपारच्या मुभेत हे जेमतेम बसते. एक गाडी अडकली की बसत नाही. म्हणून स्लॅब दोन भागांत भरण्याचा पर्याय स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. कन्स्ट्रक्शन जॉइंट (आधीचे आणि नंतरचे काँक्रीट जुळते ती जागा) कुठे येईल हे त्यांनी नकाशावर दाखवावे, सहसा दोन आधारांमधल्या अंतराच्या मधल्या एक-तृतीयांश भागात. साइटवर सुपरवायझरने ठरवलेला जॉइंट पुढे गळतीचे आणि भांडणाचे मूळ होतो. दहानंतर सळई बांधणी, आखणी, पाणी मारणे चालू शकते, तेही आठचा आदेश बदलून मिळाल्यावरच. सेंटरिंगच्या (स्लॅबखालच्या साच्याच्या) प्लेटा आपटणे यंत्रात मोडत नसले तरी त्याचीही तक्रार होऊ शकते. सळई कापायचा कटर बंदच.

आदेश मोडल्यास पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाचे कलम १५ लागते. १ एप्रिल २०२४ पासून त्यात तुरुंगवासाऐवजी दंड आहे : किमान १० हजार, कमाल १५ लाख रुपये, आणि उल्लंघन चालू राहिल्यास रोज आणखी १० हजार. ‘आता जेल नाही’ म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी ती रोजची रक्कम एकदा मोजावी. शिवाय लोकसेवकाचा आदेश न मानल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ वेगळे लागू शकते.

डेव्हलपरच्या दंडाचे काय? पोलिसांचा आदेश ही ‘दैवी आपत्ती’ आहे असे लिहू नका. रात्रीची बंदी २०१० पासून आहे; कंत्राट घेताना ती माहीत होती असेच धरले जाईल. तुमचा मुद्दा फक्त फरकाचा आहे : आठ ते दहा आणि सकाळी सहा ते आठ हे कायद्याने खुले असलेले तास आदेशामुळे गेले. तेवढ्या तासांची मुदतवाढ मागा, स्लॅबनिहाय तक्ता जोडून, आदेश मिळाल्यापासून शक्य तितक्या लवकर. करारात सूचना देण्याची मुदत लिहिलेली असेल तर ती चुकवू नका. करारात दंडाची रक्कम ठरलेली असली तरी करार कायद्याच्या कलम ७४ नुसार त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते, त्यामुळे सरसकट कपातीला लेखी हरकत घ्या आणि प्रत्येक बिल ‘हक्क राखून’ असे लिहूनच स्वीकारा. रात्री काम करा असे डेव्हलपर फोनवर सांगत असेल, तर त्याच दिवशी ईमेलने विचारा की ही सूचना लेखी द्याल का. बहुधा उत्तर येणार नाही. तो ईमेल जपून ठेवा.